दौंडला उतरलात, पण कुठल्या?

मैत्रिणींनो, आज एक कोडं घालते. मावशी फोनवर म्हणते, "अगं, मी दौंडला उतरलेय." मी म्हणते, "मावशी, मीही दौंडच्या स्टेशनातच उभी आहे." दोघीही खरं बोलतोय, दोघींचे डोळे शाबूत आहेत, गर्दी तर मुळीच नाही, आणि तरी एकमेकींना दिसत नाही! सांगा बघू, काय झालं असेल?

सांगते. पण जरा आधीपासून.

आमचं शिरूर, म्हणजे जुन्या माणसांचं घोडनदी. गाव मोठं, बाजारपेठ जुनी, पण रेल्वे नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला त्याचंच नवल वाटलं होतं. माझं माहेर सोलापूरचं. गाडीची शिट्टी ऐकून दूध तापवायला ठेवणारी आम्ही माणसं. इथून रेल्वे गाठायची तर एस. टी. पकडून न्हावरे, मग पारगावला भीमा ओलांडून चौफुला, आणि तिथून केडगाव नाहीतर दौंड. रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा तो गोड करपट वास. मुलं लहान होती तेव्हा एकदा तरी ताजा गूळ घेतल्याशिवाय मला पुढे जाऊ देत नसत. असो.

तर मनमाडची माझी मावशी. वय अडुसष्ट. काका गेल्याला दोन वर्षं झाली. काका होते तोवर तिनं तिकीट कधी हातात धरलं नव्हतं. गाडी कुठली, फलाट कुठला, हे सगळं काकांचं खातं. ते गेल्यावर ती घराबाहेर पडेनाच. मुलगा परगावी, सून नोकरीवाली. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, सिद्धटेकचा गणपती तुला पाहायचा होता ना? तू दौंडपर्यंत ये, मी आणि सासूबाई तिथे येतो." आठ दिवस 'हो-नाही' करून ती तयार झाली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडीत बसली. तिकीट तिच्या मुलानं मोबाइलवर काढून पाठवलं. मी ते पाहिलं, 'दौंड' एवढं वाचलं आणि निर्धास्त झाले.

चूक माझी ती हीच. 'दौंड'च्या पुढे आणखी दोन शब्द होते.

दौंडला आता दोन स्टेशनं आहेत, बायांनो! एक आपलं जुनं दौंड जंक्शन आणि दुसरं 'दौंड कॉर्ड लाइन'. दोन्ही एकाच गावची, पण सामान घेऊन पायी जावं इतकी जवळ नाहीत. मावशी उतरली कॉर्ड लाइनला आणि मी वाट पाहतेय जंक्शनवर!

मला घाम फुटला. म्हातारं माणूस, पहिलाच एकटीचा प्रवास, आणि मी तिला भलतीकडेच उतरवलं. पण मावशी घाबरली नाही हो. म्हणाली, "थांब, इथं मोठी पिवळी पाटी आहे, ती वाचते. दौंड... आणि पुढे कॉर्ड लाइन असं काहीतरी लिहिलंय. म्हणजे काय गं?" पलीकडे सासूबाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या हमालदादांनी ते ऐकलं आणि हसून म्हणाले, "ताई, रिक्षा करा. त्या तिकडं हायेत." आम्ही गेलो तेव्हा मावशी त्याच पाटीखालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. "म्हटलं, नाव वाचलंय त्या जागेवरून हलायचं नाही," म्हणाली.

आता ही दोन दौंडं का झाली, तेही समजून घेऊ या, कारण ज्यांचं नगरकडे किंवा मनमाडकडे जाणं-येणं आहे त्या प्रत्येकीच्या उपयोगाचं आहे. पुण्याला रेल्वे आली १८५८ साली. दोन वर्षांत ती सोलापूरपर्यंत पोचली आणि दौंड त्या वाटेवरचं ठाणं झालं. १८७८ मध्ये दौंडहून मनमाडला जाणारा मार्ग सुरू झाला, १९१४ मध्ये बारामतीचा छोट्या रुळांचा फाटा. (बारामतीचे ते रूळ पुढे रुंद झाले.) पण मनमाडचा मार्ग दौंडला असा येऊन मिळालेला, की नगरकडून आलेल्या गाडीला पुण्याकडे जायचं तर तोंडच फिरवावं लागे. इंजिन काढायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं आणि मग निघायचं. त्यात वेळ जाई. माझ्या लहानपणी पुण्याहून नगरला जाताना दौंड आलं की मी रडायला लागे, कारण गाडी उलटी निघायची. मला वाटे, काहीतरी विसरलं म्हणून ती परत पुण्याला चाललीय! डब्यातल्या निम्म्या बायकांनाही तसंच वाटत असे, पण त्या बोलून दाखवत नसत. कुणीतरी जाणता गृहस्थ 'इंजिन बदललं हो' म्हणाला की सगळ्या हुश्श करत. तेवढीच काय ती तेव्हाची 'सूचना'.

अलीकडच्या काही वर्षांत पुण्याकडचा आणि मनमाडकडचा मार्ग परस्पर जोडणारा तुकडा टाकला. तीच कॉर्ड लाइन. आता कित्येक गाड्या जंक्शनात शिरतच नाहीत, बाहेरच्या बाहेर वळतात. वेळ वाचला, इंजिन फिरवणं गेलं. सोय खरीच झाली. पण जी गोष्ट रुळांनी बदलली ती माणसांच्या डोक्यात बदलायला वेळ लागतो. तुमच्या-माझ्या तोंडात 'दौंड' एकच आहे. म्हणून म्हणते, तिकिटावर स्टेशनचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत जा. आणि आणायला येणाऱ्या माणसाला तेच, तसंच्या तसं सांगा. मी हे आता भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा लिहून ठेवलंय.

सिद्धटेकचं दर्शन छान झालं. दौंडहून निघायचं, शिरापूरच्या बाजूनं भीमा ओलांडायची. पूर्वी इथे नावेतून जात; आता पूल आहे. अष्टविनायकांतला हा एकच उजव्या सोंडेचा. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. प्रदक्षिणा घालायची तर टेकडीभोवती फिरावं लागतं. मावशीनं ती घातली, मी निम्म्यावर बसले. त्याबद्दल फार बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दौंड जंक्शनवरून केडगावला निघालो. तिथे मात्र मी डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं. आदल्या दिवसाची अद्दल होती ना!

तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिलंय का, की स्टेशनवर आपल्याला काय काय सांगितलं जातं आणि कसं? दिव्यांच्या अक्षरांची पाटी असते: गाडीचा नंबर, नाव, वेळ, फलाट. ती मराठी, हिंदी, इंग्रजी अशी फिरते. आपली नजर जाईपर्यंत मराठी निघून जाते आणि इंग्रजी येते. घाई करू नका, एक-दोन श्वास थांबा, मराठी परत येते. फलाटावर डोक्याच्या वर लहान पाट्या असतात, त्यांवर डब्याचा नंबर येतो. ही पाटी बायकांसाठी किती मोलाची आहे! लहान स्टेशनावर गाडी थांबते दोन मिनिटं. आपला डबा पुढे की मागे हे माहीत नसेल तर एका हातात मूल, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन पळताना काय होतं ते आपल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. डबा कुठे येणार ते आधी कळलं तर पळावं लागत नाही.

आणि तो आवाज! बाईचाच असतो बहुतेक ठिकाणी, ठसठशीत, न चिडणारा. मध्य रेल्वेवरच्या त्या ओळखीच्या आवाजामागे सरला चौधरी आहेत, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. १९८२ साली त्या रेल्वेत उद्घोषक म्हणून लागल्या. तेव्हा प्रत्येक सूचना माणसानं माइकसमोर बसून द्यायची असे. पुढे आवाज ध्वनिमुद्रित झाले, संगणक आला, आणि आता यंत्र एकेक शब्द उचलून जोडतं. म्हणून आकड्यांच्या मध्ये ते थोडे अडखळल्यासारखे थांबे ऐकू येतात. बाई माइकपासून दूर झाली आणि तिचा आवाज मात्र फलाटावर राहिला, हे मला फार नवलाचं वाटतं.

माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांची शाळा दुसरीत सुटली आणि नंतर सगळं विसरलं. त्यांना पाटी कितीही लखलखीत असली तरी काही उपयोग नाही. त्यांचा सारा भरवसा त्या आवाजावर. उलट आमच्या मामंजींना कमी ऐकू येई, त्यांना आवाजाचा उपयोग शून्य, ते पाटीकडे टक लावून बसत. एकाच घरातली ही दोन माणसं. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं, 'आता मोबाइलवर सगळं कळतं, पाट्या नि भोंगे कशाला?', तेव्हा माझं डोकं फिरतं. मोबाइल कुणाकडे असतो? मुलाकडे, सुनेकडे. सासूबाईंच्या कनवटीला पाकीट असतं, मोबाइल नव्हे. ऐकणाऱ्याला आवाज हवा, पाहणाऱ्याला पाटी हवी, आणि या दोन्ही गोष्टी फलाटावरच हव्यात.

एक अनुभव सांगते. स्टेशनचं नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या माणसाला लागेल आणि तो त्याचा नव्हता. लहानसं स्टेशन, भर दुपार. धाकटा माझ्या कडेवर, मामंजी काठी टेकत. आम्ही एक नंबरच्या फलाटावर बसलेलो, कारण गाडी रोज तिथेच येते असं सगळे म्हणत होते. पाटी बंद होती. भोंग्यातून काहीतरी खरखरलं, कुणालाच कळलं नाही. आणि गाडी दिसली ती दोन नंबरवर! पूल लांब. लोकांनी सरळ रुळांवर उड्या टाकल्या. एका बाईनं आधी ट्रंक खाली टाकली, मग पोरगं खाली दिलं, मग स्वतः उतरली. मी मामंजींचा हात धरून जागच्या जागी उभी राहिले. गाडी गेली. पुढची तीन तासांनी. मामंजी म्हणाले, "गाडी गेली तर गेली, तू उतरली नाहीस हे बरं केलंस." रूळ असे ओलांडणं गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाडी समोर दिसत असताना कायदा कुणाला आठवतो? त्या बायकांना तिथे उतरवलं ते न कळलेल्या त्या एका वाक्यानं.

नंतर मी त्या स्टेशनमास्तरांशी बोलले. रागातच गेले होते. पण पाहिलं तर माणूस एकटा. सिग्नल तोच सांभाळतो, फोनही तोच घेतो आणि माइकही त्याच्याच हाती. दोन गाड्यांची गाठ पडायची वेळ आली की तो आधी सिग्नल पाहणार, आणि पाहायलाच हवा. लहान स्टेशनावर माहिती मागे पडते ती अशी. मोठ्या शहरात त्याच कामाला माणसं असतात.

म्हणूनच आता जी नवी पद्धत येतेय तिचं मला अप्रूप आहे. कित्येक इंजिनांवर इस्रोच्या मदतीनं तयार केलेलं यंत्र बसवलंय. ते दर अर्ध्या मिनिटाला गाडी कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवतं. ती माहिती रेल्वेच्या मोठ्या संगणकात जाते, आणि तिथून पाटी आपोआप लिहिली जाते, आवाज आपोआप निघतो. मास्तरांनी बटण दाबायची वाट पाहावी लागत नाही. पूर्वी काळ्या फळ्यावर खडूनं 'गाडी ४० मिनिटे लेट' लिहीत. तो खडू आता आकाशात गेला म्हणा ना! अर्थात फलाट कोणता हे शेवटी त्या जागेवरच्या माणसालाच ठरवावं लागतं, आणि वीज गेली, पाटी बिघडली, तर यंत्रही मुकंच. दुरुस्तीला माणूस शहरातून यायचा असेल तर लहान स्टेशनची पाटी किती दिवस मुकी राहते, हे बघणं माझ्या मते नवी पाटी बसवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. उद्घाटनाला फीत कापणारे पुष्कळ असतात.

फितीवरून केडगाव आठवलं. खुटबाव आणि कडेठाण यांच्या मधलं हे आपलं साधं स्टेशन. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं 'अमृत भारत स्टेशन' नावाची योजना काढली, तिच्या यादीत प्रतीक्षालयं, स्वच्छतागृहं यांच्याबरोबर प्रवाशांना माहिती देण्याची चांगली व्यवस्था हेही एक कलम आहे. २२ मे २०२५ रोजी देशभरातल्या १०३ नव्यानं सजवलेल्या स्टेशनांचं एकदम उद्घाटन झालं. महाराष्ट्रातली १५, आणि त्यांत आपलं केडगाव नि बारामती. शिरूरच्या बाजूनं येणाऱ्या आम्हां बायकांना पुण्याच्या गर्दीत न जाता सोलापूरकडची गाडी धरायला हे केडगाव केवढं सोयीचं! मोठ्या शहरांचं काय, तिथे चार माणसांना विचारता येतं. केडगावसारख्या ठिकाणी रात्री नऊ वाजता विचारायला कुणी नसतं. तिथली पाटी म्हणजेच ते माणूस.

केडगावला उतरायचं आणखी एक कारण होतं. मावशीला पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन पाहायचं होतं. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला आलं आणि पुढे इथे केडगावला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुलींना, विधवांना इथे आणलं. इथेच त्या १९२२ मध्ये वारल्या. मुक्तीत अंध मुलींना बोटांनी ब्रेल वाचायला शिकवत. फाटकाजवळ उभी राहून मावशी म्हणाली, "त्या पोरी कुठून कुठे आल्या असतील गं! एकीलाही स्टेशनचं नाव वाचता आलं नसेल." मी काही बोलले नाही. कालचं माझं दौंड आठवलं.

आता थोडं आपल्या रोजच्या व्यवहाराचं. गाडीचं नाव लक्षात ठेवण्यापेक्षा पाच आकडी नंबर कागदावर लिहून घ्या. नावं सारखीसारखी असतात. जाणारी नि येणारी गाडी यांचे नंबर बहुधा एकापाठोपाठचे असतात, १ चा फरक, तेवढ्यात घोटाळा होतो. रात्री बारानंतरची गाडी असेल तर तारीख दोनदा तपासा. रविवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी ००:२० ची, तर तिकीट सोमवारच्या तारखेचं हवं. माझ्या एका मैत्रिणीनं सबंध कुटुंबासह एक दिवस उशिरा स्टेशन गाठलं होतं, डबे भरून! १३९ हा नंबर घरातल्या प्रत्येकीला, वाचता न येणाऱ्या सासूबाईंनासुद्धा, तोंडपाठ करून घ्या. चौकशीलाही तोच आणि प्रवासात कुणी त्रास दिला तर मदतीलाही तोच. आणि लहान स्टेशनावर पाटी बंद दिसली तर तिथल्या तक्रारवहीत दोन ओळी लिहा. आपण बायका घरी येऊन नवऱ्याजवळ तक्रार करतो, वहीत लिहीत नाही. मीही लिहीत नव्हते.

मावशी आमच्याकडे पाच दिवस राहिली. परत जायचं तेव्हा हे म्हणाले, "मी मनमाडपर्यंत सोडायला जातो." मावशी म्हणाली, "नको हो जावईबापू. कॉर्ड लाइनला सोडा म्हणजे झालं." तिकीट या वेळी तिनं स्वतः हातात घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि एका कागदावर नंबर लिहून ब्लाउजमध्ये ठेवला.

स्टेशनावर आम्ही बसलो होतो. सकाळचं कोवळं ऊन. एक तरुण बाई, कडेवर तान्हं, हातात दोन पिशव्या, घाईघाईनं आली आणि मावशीलाच विचारलं, "काकू, दौंड स्टेशन हेच ना?"

मावशीनं तिला शेजारी बसायला जागा करून दिली. म्हणाली, "हे एक आहे बाई. तुला कुठलं हवंय? तिकीट दाखव बघू."